घरातल्या अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नाही : हाफकिन यांची कहाणी

शेतात कुणाला साप चावला की आपण रुग्णालयाकडे धावतो. तिथं जे विषावरचं औषध देतात, ते बनवणाऱ्यांत मुंबईची हाफकिन ही संस्थाही आहे. नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण हाफकिन हा माणूस होता हे फार थोड्यांना माहीत असतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, रशियाच्या राज्यातल्या ओडेसा शहरातला. ज्यू कुटुंब. पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथं त्यांना पहिलं काम मिळालं ते ग्रंथालयातलं. उरलेल्या वेळेत पटकीचे जंतू अभ्यासत त्यांनी लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. दोन-अडीच वर्षं गावोगाव, छावण्यांत, चहाच्या मळ्यांत फिरून सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी पटकीची लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात माणसं पटापट मरू लागली, शहर रिकामं होऊ लागलं. सरकारनं हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झालं. प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी काय वापरलं माहीत आहे? मांसाच्या रसावर तुपाचे थेंब. तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते गरम करून मारायचे, आणि मेलेल्या जंतूंचीच लस. १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा टोचून घेतली ती हाफकिन यांनी स्वतः. ताप आला, अंग दुखलं, पण त्यातून ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली.

बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. लस निघाली होती, पण अजून सगळीकडं पोचायची होती. लोकांची भीतीही मोठी होती. गोरे साहेब घरात घुसून तपासणी करतात, माणसं उचलून नेतात, त्यांच्या सुईवर कोण विश्वास ठेवील? कोरोनात आपल्याकडं लशीवरून काय काय उठलं होतं ते आठवा. त्या वेळी आगाखान यांनी लोकांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांच्या माणसांना धीर आला.

मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती उंधेऱ्याची गोष्ट. हे बडोदा संस्थानातलं गाव. १८९८ मध्ये तिथं प्लेग असताना हाफकिन यांनी प्रत्येक घरातल्या अर्ध्या माणसांना लस दिली, अर्ध्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, जेवण तेच. आपण नवीन औषध कपाशीच्या काही तासांवर फवारतो आणि काही सोडतो, तसंच. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथं लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ गेले. आज ऐकायला हे कठोर वाटतं. पण लस खरंच चालते हे असं घराघरात मोजूनच कळलं.

मग १९०२ आला. पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर केलं. बाटली मुंबईतच बिघडली की गावात उघडताना? गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे पुढे आलं. तरीही वर्षं जात राहिली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी त्यांच्या बाजूनं जाहीर लिहिलं. १९०७ मध्ये ठपका पुसला गेला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात नोकरी दिली, तिथंच ते निवृत्त झाले.

१९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं. तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं ते वारले. मुलकोवाल आता पाकिस्तानात आहे.