पंडिता रमाबाई आणि हिवाळ्यातील महासागर

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याच्या कानी गेले नाही असे ख्रिस्ती घर आपल्या भंडारा जिल्ह्यात क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळाच्या तोंडातून काढलेल्या मुली, आणि पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत केलेले भाषांतर, एवढ्या गोष्टी बहुतेकांस ठाऊक असतात. परंतु या सर्व कार्याचा मार्ग ज्या एका जलप्रवासाने मोकळा झाला, त्याची हकीकत खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाही. तो प्रवास भर हिवाळ्यात, अटलांटिक महासागरातून, वादळांशी झुंजत झाला. तीच हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण आपले काम अडून पडले आहे असे ज्या सेवकास वाटते, त्याने तीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप समजले जाई. तरी शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस लक्ष्मीबाईंस ते शिकविले, व लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. पुढे दुष्काळ पडला, जवळचे सर्व संपले, आणि १८७४ साली आईबाप थोड्याच अंतराने उपासमारीने मरण पावले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी पायी देश तुडविला व १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले. त्या वेळी बाईंस चोविसावे वर्ष पुरे झाले नव्हते.

वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारच्या शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन या देशास स्त्रीशिक्षकांची व स्त्रीडॉक्टरांची किती गरज आहे हे स्पष्टपणे मांडले. आपणच वैद्यक शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. या हेतूने १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला, आणि तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु ज्या विद्येसाठी त्या गेल्या होत्या तिचे दार मात्र बंद झाले. त्यांस कानांनी कमी ऐकू येत असे, आणि त्या व्यंगामुळे वैद्यकाचा अभ्यास सोडणे भाग पडले. मग चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकू लागल्या व संस्कृत शिकवूही लागल्या. काम चांगले होते. परंतु ज्या विधवांसाठी घर सोडले, त्यांच्यासाठी पुढे काय करावे हे अद्याप स्पष्ट दिसत नव्हते.

रमाबाई इंग्लंडास निघाल्या त्याच साली, १८८३ मध्ये, कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या होत्या. त्या बाईंच्या दूरच्या नात्यातल्या. फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अभ्यास पुरा केला, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळावयाची होती. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले यांनी या समारंभास येण्याचे रमाबाईंस आमंत्रण केले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जी विद्या आपणांस मिळाली नाही तीच दुसरीस मिळत आहे, व तो सोहळा पाहण्यास आपणांस बोलावणे आले आहे. अशा वेळी मनुष्याचे मन कोणीकडे ओढ घेते हे आपण सर्व जाणतो. एका मंडळीतील उपदेशकाचे काम खुंटावे आणि शेजारच्या गावी दुसऱ्याच्या हातून बाप्तिस्मे व्हावेत, म्हणजे पहिल्यास आनंद मानणे किती कठीण जाते! रमाबाईंनी मात्र जाण्याचे ठरविले. इंग्लंडातील त्यांच्या वडीलधाऱ्या हितचिंतकांस हा बेत पसंत नव्हता. अभ्यास अर्धा राहील, आणि बाई त्यांच्या मार्गदर्शनापासून दूर जातील, अशी त्यांस काळजी वाटत होती. तरी बाईंचा निश्चय ढळला नाही. १७ फेब्रुवारी १८८६ रोजी, पाच वर्षेही पुरी न झालेल्या मनोरमेस घेऊन, लिव्हरपूल बंदरातून ब्रिटिश प्रिन्सेस नावाच्या आगबोटीने त्या निघाल्या.

आपल्या वैनगंगेच्या काठच्या लोकांस समुद्राची कल्पना यावी म्हणून थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडील अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो. म्हणून कोकणातील लोक त्या दिवसांत गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात लोटतात. तेथे हिवाळा म्हणजे शांत समुद्राचा काळ होय. अटलांटिकच्या उत्तर भागाची रीत याच्या उलट आहे. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या बर्फाने झाकलेल्या भूमीवरून अतिशय थंड वारा समुद्रावर येतो. तेथे मेक्सिकोच्या आखाताकडून उष्ण पाण्याचा एक मोठा प्रवाह वर वाहत असतो, व त्यावरील हवा उबदार व ओलसर असते. या दोन हवांची गाठ पडली म्हणजे वादळे उठतात, आणि एकामागून एक अशी ती पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जातात. इंग्लंडाहून अमेरिकेस जाणाऱ्या आगबोटीस पश्चिमेकडेच जावयाचे असते. म्हणून वारा व लाटा दोन्ही तिच्या तोंडावरच येतात. पुरात नदीच्या प्रवाहाविरुद्ध डोंगा वल्हविणाऱ्या नावाड्याची जी गत, तीच तिची.

अशा समुद्रात आगबोट कशी चालते तेही पाहण्यासारखे आहे. तिच्या पाठीमागे पाण्याखाली एक मोठा पंखा असतो. तो फिरून बोटीस पुढे ढकलतो. डोंगराएवढ्या लाटेवरून बोटीचे तोंड खाली गेले की मागील भाग वर उचलला जातो व पंखा पाण्याबाहेर येतो. तेव्हा यंत्र एकाएकी भरधाव फिरू लागते, आणि पंख्याचा दांडा मोडण्याचे भय उत्पन्न होते. म्हणून यंत्रावरील मनुष्य वाफ कमी करतो, कप्तान बोटीचे तोंड लाटांकडे धरून ठेवतो, आणि बोट अगदी हळू चालू लागते. डेकवर लाटा येऊन आदळतात. थंडी फार असली तर दोरांवर उडालेले पाणी गोठून बर्फ होते. उतारूंस खाली कोंडून बसावे लागते. पुष्कळांस बोट लागते, अन्न पोटात ठरत नाही. त्या काळच्या अतिवेगवान आगबोटी चांगल्या हवेत आठवड्याभराच्या सुमारास अमेरिका गाठीत. पण वादळाच्या दिवसांत किती दिवस लागतील याचा नेम कोणीच सांगू शकत नसे.

त्यात आणखी एक गोष्ट होती. समुद्राच्या तळाशी घातलेल्या तारेने १८६६ पासून युरोप व अमेरिका यांच्यामध्ये संदेश जात असत खरे. परंतु किनारा सोडलेल्या आगबोटीस काही कळविण्याची वा तिच्याकडून काही कळण्याची सोय नव्हती. बिनतारी यंत्रे जहाजांवर आली ती पुढे कित्येक वर्षांनी. बोट लांबली तर ती हळू चालली आहे की बुडाली आहे, हे धक्क्यावरील माणसांस समजत नसे. १८७० च्या जानेवारीत सिटी ऑफ बॉस्टन ही आगबोट हॅलिफॅक्सहून लिव्हरपुलास निघाली, आणि तीवरील सर्व माणसांसह ती कायमची नाहीशी झाली. असे प्रसंग लोकांच्या स्मरणात होते. म्हणून हिवाळ्यात बोटीची वाट पाहणे म्हणजे जीव मुठीत धरून बसणे होते. ११ मार्च जवळ येत होता, आणि आमंत्रित पाहुणी खवळलेल्या समुद्रावर होती.

सुमारे दोन आठवड्यांच्या वादळी प्रवासानंतर ३ मार्च रोजी मायलेकी फिलाडेल्फियास सुखरूप उतरल्या. समारंभास आठच दिवस राहिले होते. ठरल्या दिवशी आनंदीबाईंस पदवी मिळाली व त्या आपल्या देशातील पहिल्या स्त्रीडॉक्टरांत गणल्या गेल्या. जी विद्या आपल्या वाट्यास आली नाही, ती आपल्याच एका बहिणीने मिळविलेली रमाबाईंनी डोळे भरून पाहिली.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आमचे उपदेशकबंधू अनेकदा वाचून दाखवितात. पौलाचाही जलप्रवास हिवाळ्याच्या तोंडावर होता. पुढे जाऊ नये असा त्याने इशारा दिला होता, पण तो कोणी मानला नाही. मग चौदा दिवस तुफानात काढून, जहाज फुटून, दोनशे शहात्तर माणसे मेलिता बेटास लागली, आणि तेथे तीन महिने थांबून तो पुढे रोमास गेला. यावरून हे दिसते की वादळात शिरणे हेच काही विश्वासाचे लक्षण नव्हे. थांबण्याचा सल्लाही देवाच्या माणसाच्या तोंडून येतो. परंतु निघाल्यावर वादळ आले म्हणजे देवाने हात सोडला असेही नव्हे.

रमाबाई अमेरिकेस थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या. राहिल्या पावणेतीन वर्षे. इंग्लंडात जे दिसत नव्हते ते येथे स्पष्ट झाले. त्यांनी बालोद्यान शिक्षणाची पद्धत अभ्यासिली, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यास बॉडलेबाईंनी प्रस्तावना जोडली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यास क्षयाने वारल्या होत्या. त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाली व हिंदुस्थानातील विधवागृहास दहा वर्षे साह्य करण्याचे तिने पत्करले. १८८८ च्या अखेरीस बाई पॅसिफिक महासागरातून, जपानच्या वाटेने निघाल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचल्या. पश्चिमेस निघून त्या पूर्वेकडून घरी आल्या. सगळ्या पृथ्वीस प्रदक्षिणा झाली. या प्रवासाचे व अमेरिकेतील लोकस्थितीचे वर्णन त्यांनी मराठीत लिहून त्याच साली प्रसिद्ध केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली. सदनातील आरंभीच्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढल्या वर्षी सदन पुण्यास गेले. लोकापवादाची वादळे तेथेही उठली, पण काम थांबले नाही.

१८९६ साली पाऊस लवकर गेला आणि मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता. भातावर जगणाऱ्या मुलखात शेवटचा पाऊस चुकला म्हणजे काय होते, हे तलावांच्या या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. उपासमारीने आईबाप गमावलेल्या रमाबाईंस ही बातमी ऐकून स्वस्थ बसवले नाही. त्या स्वतः मध्यप्रांतात आल्या, आणि भुकेने व दुष्टांच्या हाती पडून नाश पावणाऱ्या शेकडो मुलींस व विधवांस त्यांनी सोडवून नेले. पुण्यात जागा पुरेना, म्हणून केडगाव येथील जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. पुढे १९०० साली गुजराथेतील दुष्काळपीडित मुलीही तेथे आल्या. ज्या शारदा सदनातून हे मोठे काम वाढले, त्याचा पाया त्या एका हिवाळी प्रवासानेच घातला गेला होता.

आयुष्याची शेवटली पुष्कळ वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. अडाणी खेडवळ बाईसही समजावे म्हणून त्यांनी स्वतः इब्री व ग्रीक शिकून सोपी मराठी योजिली, आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून करविले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. वादळात आईच्या कुशीत बसलेले ते मूल आईच्या आधी गेले. तरी बाईंनी हातचे काम टाकले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूपाशी गेल्या.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी थोड्यांनाच समुद्र ओलांडावयाचा आहे. पण नाल्यास पूर येऊन सभा राहते, शाळा बंद पडते, पुष्कळ वर्षे शिकविलेले कुटुंब मागे फिरते, आणि ज्या कामासाठी आपण निघालो त्याचेच दार लागते. अशा वेळी त्या आगबोटीची आठवण ठेवावी. कप्तानाने वेग कमी केला. तोंड मात्र फिरविले नाही. रमाबाईंस डॉक्टर होता आले नाही. परंतु दुसरीच्या यशाचा आनंद करण्यास त्या वादळातून गेल्या, आणि तेथेच देवाने त्यांस त्यांचे स्वतःचे काम दाखविले. ज्याचे दार आज लागले आहे त्याने प्रथम शेजारच्या सेवकाच्या आनंदात मनापासून भाग घ्यावा, आणि आपल्या वाटेविषयी प्रभूपाशी धीराने मागत राहावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.