लोखंडी नांगराचे कर्ते : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. सणासुदीच्या खरेदीसाठी आपण सारेच त्या रस्त्याने जातो. परंतु त्यास हे नाव कसे पडले, असे वर्गात विचारले तर चाळीसांपैकी चार हातही वर होत नाहीत. याच रस्त्यावर एकेकाळी दोन भावांचे सायकलींचे एक लहानसे दुकान होते. त्या दुकानातील धाकट्या भावाची ही हकीकत आहे.

ती आताच लिहावीशी वाटली, यास एक निमित्त घडले. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. निपाणीकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा शाळेत असताना गणितात कोणास हार जात नसे. सध्या तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. त्याची मुद्रा उतरलेली दिसली. चौकशी करता कळले की, स्वतः तयार केलेल्या एका यंत्राच्या आराखड्याविषयी परीक्षकांपुढे दहा मिनिटे बोलावयाचे होते, आणि त्याला चार वाक्येही धड बोलता आली नाहीत. अमुक माप का धरले, असे विचारल्यावर पुस्तकात तसे दिले आहे, याखेरीज त्याच्यापाशी उत्तर नव्हते. अशा मुलांसाठी आता संवादकौशल्याचे आणि चिकित्सक विचाराचे तास घेतले जातात. पण हे सारे नाटकमंडळींचे काम आहे, यंत्राशी त्याचा काय संबंध, असा त्याचा रोष होता. शिक्षण सोडून घरी तंबाखूचे रान पाहावे, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. उपदेश मला फारसा साधत नाही. मी त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. किर्लोस्कर म्हटले की नाट्यरसिकांस संगीत शाकुंतल आठवते. ते अण्णासाहेब किर्लोस्करही याच गुर्लहोसूरचे. आडनाव मात्र कोकणातल्या गावावरून आलेले. (घरी कोंकणी बोलणाऱ्या या लेखकास त्याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.) वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि हाताने काही घडविण्यात अधिक. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जाण्याचा त्याचा हट्ट वडिलांस रुचला नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणूनच लक्ष्मण १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल होऊ शकला.

तेथे दोन वर्षांनी त्याच्यावर मोठाच आघात झाला. आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्याच्या ध्यानी आले. चित्रकाराला रंगांधत्व म्हणजे गवयाचा कान जाण्यासारखेच. वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे सत्य स्वतःशी कबूल करणे किती जड गेले असेल! कित्येक जण अशा वेळी दोष गुरूंवर ढकलतात, नाहीतर दैवावर. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण त्यांनी चालू ठेवले. तेथे रंगाची गरज नव्हती.

यांत्रिक रेखाटन ही देखील एक भाषाच आहे. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, हे तीन निरनिराळ्या आकृतींत दाखवावयाचे. आणि तेही असे, की ज्याने ती वस्तू कधी पाहिली नाही अशा दूरच्या लोहाराने केवळ कागदावरून ती घडवावी. तीत अलंकारास जागा नाही आणि मोघमपणास तर मुळीच नाही. एक रेघ चुकली तर लोखंड वाया जाते. या भाषेत लक्ष्मणराव इतके तरबेज झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून दरमहा पंचेचाळीस रुपयांवर नेमण्यात आले. ही संस्था १८८७ साली निघाली होती. शिकविण्याच्या वेळेबाहेर ते तिच्या कारखान्यात उभे राहून यंत्रे खोलीत, जोडीत आणि त्यांची कामे समजून घेत. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी अखेरपर्यंत नव्हती. शिकवीत असतानाच ते शिकले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. हे नवे वाहन बेळगावात खपेल, असे त्यांच्या मनाने घेतले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात विकीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा सांगतात, तो हाच. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन चाकांवर माणूस तोल सावरून कसा राहतो, हेच ज्यांना नवल वाटे, त्यांना नुसती सायकल विकून चालण्यासारखे नव्हते. म्हणून रामूअण्णा सायकल चालविण्याचेही धडे देत. वस्तूबरोबर तिची विद्याही द्यावी लागते, हा धडा या भावांना नांगराच्या कितीतरी आधी मिळाला होता.

पुढे नोकरीत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्यास जागा देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला व ते कायमचे बेळगावास आले. सायकलींच्या विक्रीतून दुरुस्ती आली, दुरुस्तीतून लहानसा कारखाना उभा राहिला. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

शेतकऱ्यांच्या मुलांना नांगराविषयी मी काय सांगावे! परंतु आता ट्रॅक्टर गावोगाव आल्याने लाकडी नांगर पाहिलेली मुले वर्गात क्वचितच आढळतात, म्हणून दोन शब्द सांगतो. लाकडी नांगर जमीन चिरतो. खालची माती वर आणून पालथी घालणे त्याला साधत नाही. हरळीसारखे तण खोल मुळे धरून बसते. वरवर चिरून ते मरत नाही, उलट तुकड्या-तुकड्यांतून पुन्हा फुटते. लोखंडी नांगराचा बाकदार पत्रा माती उचलून उलटी करतो, मुळे उघडी पडतात आणि उन्हात वाळून जातात. असे नांगर त्या काळी विलायतेहून येत. तसाच नांगर येथे, आपल्या माणसांच्या हातून घडवावा, अशी लक्ष्मणरावांची ईर्ष्या होती. त्यांनी तो घडविला; पण कोणी घेईना.

लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! भट्टीला कोळसा लागतच होता, कामगारांना पगार द्यावा लागतच होता, आणि तयार माल दुकानात पडून होता. आमच्या विद्यार्थ्याला परीक्षकांपुढे दहा मिनिटे भारी झाली. येथे परीक्षक साऱ्या पंचक्रोशीचे शेतकरी होते आणि परीक्षा दोन वर्षे चालली होती.

ही हकीकत सांगताना शेतकऱ्यांच्या अडाणीपणास हसण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडाचाच फाळ असतो आणि त्याने जमीन कधी विषारी झाली नाही, हे उत्तर आपल्याला घरबसल्या सुचते. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर दुसऱ्या दिवशी सांधून देई. या नव्या नांगराला रोख पैसा हवा. तो ओढण्यास अधिक बैल हवेत. पेरणीच्या तोंडावर मोडला तर तो सांधणार कोण? एक हंगाम बुडाला तर सावकार दारात उभा. विषाची गोष्ट चुकीची होती खरी, परंतु तिच्या मागची शंका शहाण्या माणसाची होती. चिकित्सक विचार काय तो शिकलेलेच करतात, असे मुळीच नाही. नव्या वस्तूला चारही अंगांनी ठोकून पाहणारा कुणबी तोच करीत असतो.

आणि लक्ष्मणरावांना नेमके हेच उमगले असावे, असे मला वाटते. ते रागावून परत सायकलींकडे वळले नाहीत, की गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवून मोकळे झाले नाहीत. नांगर सुधारीत गेले, विकीत राहिले. हळूहळू ज्याच्या शेतात हरळी मेली, त्याचे शेतच शेजाऱ्याशी बोलू लागले. आमच्या सीमाभागात घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी असा प्रकार नित्याचा आहे. समोरच्या माणसाला कळेल त्याच बोलीत सांगावे लागते, हे येथल्या पोराला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. लक्ष्मणराव तर याच मातीतले.

नांगराला मागणी येऊ लागली, तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेत कारखान्याची जागा सापडली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कारागिरीचे चाहते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनानजीक बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली लक्ष्मणराव पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे गेले. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट असलेला तो माळ. त्या जागी पुढे किर्लोस्करवाडी वसली आणि स्टेशनचे नावही तेच झाले. बेळगावहून मिरजमार्गे पुण्यास जाताना ते लागते; गाडी थांबली तर खिडकीतून अवश्य पाहावे.

या वाडीची माणसेही लक्ष्मणरावांनी स्वतः पारखून घेतली. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. ते कल्पक यंत्रकार ठरले. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी जिवाभावाची मंडळी जमली. आणि पहारेकरी कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांना समाजाने दरोडेखोर ठरविले होते, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण दिली आणि तिला कधी दगा झाला नाही. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. लोखंडाविषयीचा लोकप्रवाद तपासून पाहणाऱ्या माणसाने माणसांविषयीचे लोकप्रवादही तसेच्या तसे स्वीकारले नाहीत.

पहिल्या महायुद्धाची अडचणीची वर्षे कारखान्याने कशीबशी काढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. कारखान्याचा माल लोकांपर्यंत पोहोचावा, एवढाच त्याचा मूळ हेतू; परंतु त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक वाढले, आणि पुढे 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे जन्मास आली. महाराष्ट्राच्या कित्येक घरांत नव्या विचारांचे वाचन या मासिकांनी नेले. नांगराच्या कारखान्यातून असे साहित्य निघावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. नांगर खपविण्यासाठी ज्यांना आधी माणसांची मने नांगरावी लागली, त्यांच्याकडून दुसरे काय निघणार?

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात संस्थेत यंत्रशास्त्र शिकले आणि १९२६ साली पदवी घेऊन परतले. रंग न ओळखणाऱ्या, पदवी नसलेल्या बापाच्या कारखान्यातच त्यांनी काम आरंभिले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

माझी गोष्ट संपली तेव्हा तो विद्यार्थी काही बोलला नाही. आठवड्याने पुन्हा आला. त्याने आपला आराखडा घरी आजोबांपुढे पसरला होता आणि तंबाखूच्या रानात ते यंत्र काय काम करील, हे त्यांना समजावून सांगितले होते. आजोबांनी तीन प्रश्न विचारले. किंमत किती, हा पहिला. मोडले तर निपाणीत दुरुस्त होईल का, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे त्याने दिली. चिखलात चाक रुतले तर काय करावयाचे, हा तिसरा प्रश्न. त्यापाशी तो अडला. पण या वेळी त्याची मुद्रा उतरलेली नव्हती. चाकाची रुंदी पुस्तकातून उचलली होती, ती आता स्वतः मोजून काढावयाची आहे असे त्याने सांगितले, आणि पावसाळ्यात त्यांच्या रानात चिखल किती खोल होतो हे आजोबांना विचारण्यासाठी तो निपाणीच्या गाडीला गेला.