थॉमस जेफरसन आणि व्हर्जिनियाचा कायदा

१७६५ साली व्हर्जिनियात कायदा शिकणाऱ्या २२ वर्षांच्या एका ख्रिस्ती तरुणाने कुरआन शरीफचे इंग्रजी भाषांतर विकत घेतले. हा तरुण म्हणजे थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष.

त्या काळी व्हर्जिनियात इंग्लंडचे चर्च हाच सरकारी धर्म. इतर पंथीयांनाही त्याच्यासाठी कर भरावा लागे. परवान्यावाचून प्रवचन करणारे बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात. हे जेफरसन यांना पटेना. १७७७ मध्ये त्यांनी कायद्याचा मसुदा लिहिला: धर्माबाबत सरकारने सक्ती करू नये आणि श्रद्धेवरून कोणाचे नागरी हक्क कमी होऊ नयेत. विधिमंडळात तो कित्येक वर्षे अडकून पडला. अखेर १७८६ मध्ये, जेफरसन वकील म्हणून पॅरिसला असताना, त्यांचे मित्र जेम्स मॅडिसन यांनी तो मंजूर करून घेतला. प्रस्तावनेत येशू ख्रिस्तांचे नाव घालण्याची सूचना आली होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. यहुदी, मुसलमान, हिंदू सर्वांनाच हे संरक्षण आहे, असा त्याचा अर्थ जेफरसन यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. १७९१ मध्ये हेच तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेतही आले.

पालकहो, एक गोष्ट मात्र लपवू नये. याच जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांत मुसलमानही होते. या कायद्याचा त्यांना काय उपयोग?

१८२६ मध्ये जेफरसन वारले. थडग्यावर त्यांनी तीनच कामे कोरायला सांगितली होती. राष्ट्राध्यक्षपद त्यांत नाही, हा कायदा आहे. आणि ते कुरआन? २००७ मध्ये कीथ एलिसन या अमेरिकी संसदेतील पहिल्या मुसलमान सदस्याने त्याच प्रतीवर हात ठेवून शपथ घेतली.