स्टीफन कोल क्लेनी
स्टीफन कोल क्लेनी (५ जानेवारी, इ.स. १९०९:हार्टफर्ड, कनेक्टिकट – २५ जानेवारी, इ.स. १९९४:मॅडिसन, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. संगणकावर मजकुरातील आकृतिबंध शोधणाऱ्या रेग्युलर एक्सप्रेशन या पद्धतीचा गणिती पाया त्यांनी घातला.

अलोंझो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली इ.स. १९३४ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांची बहुतेक कारकीर्द विस्कॉन्सिन विद्यापीठात गेली. मर्यादित स्मृती असलेले यंत्र नेमके कोणते आकृतिबंध ओळखू शकते, हा प्रश्न त्यांनी इ.स. १९५१ मध्ये हाती घेतला. पर्याय, जोडणी आणि पुनरावृत्ती या तीन क्रियांनी लिहिता येणारे आकृतिबंधच असे यंत्र ओळखते, हे त्यांनी सिद्ध केले. पुनरावृत्तीचे * हे चिन्ह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उदाहरणार्थ, 'अब*' या सूत्रात अ, अब आणि अबब हे तिन्ही बसतात. कितीही खोलवर गुंतलेल्या कंसांच्या जोड्या पडताळणे मात्र अशा यंत्राच्या आवाक्याबाहेर राहते.

हे संशोधन इ.स. १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी त्याआधारे मजकूर शोधण्याची रीत मांडली. इ.स. १९९० मध्ये क्लेनी यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले.