रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च, इ.स. १८५८ - २९ सप्टेंबर, इ.स. १९१३) हे जर्मन यांत्रिकी अभियंता व संशोधक होते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटवणारे आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेलेले डिझेल इंजिन ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. वनस्पती तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या आणि बायोडिझेलच्या इतिहासातही त्यांचा उल्लेख केला जातो.

बालपण व शिक्षण

डिझेल यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे बव्हेरियातील होते. वडील थेओडोर हे पुस्तकबांधणी व चामड्याच्या वस्तू बनवण्याचा व्यवसाय करीत. इ.स. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाल्यावर कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. तेथून रुडॉल्फ यांना शिक्षणासाठी ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे शिक्षक होते. वाफेच्या इंजिनात इंधनातील उष्णतेचा फारच थोडा भाग उपयोगी पडतो, ही गोष्ट तेथे त्यांच्या मनावर ठसली. इ.स. १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवल्यानंतर त्यांनी लिंडे यांच्या शीतकरण उद्योगात पॅरिस व नंतर बर्लिन येथे काम केले.

इंजिनाची निर्मिती

इ.स. १८९२ मध्ये डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. कमी इंधनात चालणारे लहान इंजिन मिळाले, तर छोटे कारागीर मोठ्या कारखान्यांपुढे टिकून राहतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ऑग्सबर्ग येथील यंत्र कारखाना आणि क्रुप यांनी प्रयोगांसाठी साहाय्य केले.

१० ऑगस्ट, इ.स. १८९३ रोजी झालेल्या पहिल्या चाचणीत इंधन पेटले. मात्र सुमारे ८० वातावरण इतका दाब निर्माण होऊन दाबमापक उपकरण फुटले. इतका दाब सोसेल असा सिलिंडर, घट्ट बसणारा दट्ट्या, न गळणारे सांधे आणि इंधनाचा फवारा यांवर पुढील काही वर्षे काम करावे लागले. १७ फेब्रुवारी, इ.स. १८९४ रोजी दुसरे इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या शक्तीवर चालले. इ.स. १८९७ मध्ये प्रा. मोरित्स श्र्योटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. ती त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी अधिक होती.

शेंगदाणा तेलाचा प्रयोग

डिझेल यांनी आपले इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठी बनवले, हा समज बरोबर नाही. इ.स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्समधील ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले. ते इंजिन खनिज तेलासाठी बनवलेले होते. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकी वसाहतींत स्थानिक तेलाचा उपयोग करून पाहायचा होता, हे या प्रयोगाचे कारण होते. पुढे डिझेल यांनी स्वतः असे प्रयोग केले आणि इ.स. १९१२ मध्ये वनस्पती तेलांना भविष्यात महत्त्व येऊ शकेल असे मत मांडले.

मृत्यू

एकस्वांवरील वाद, ढासळलेली प्रकृती व बुडालेली गुंतवणूक यांमुळे डिझेल यांची अखेरची वर्षे कष्टात गेली. २९ सप्टेंबर, इ.स. १९१३ रोजी अँटवर्पहून हार्विचकडे निघालेल्या ड्रेस्डेन या जहाजावरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही.

बायोडिझेल व साधनांची निवड

डिझेल यांच्या काळातील प्रयोग शुद्ध तेलावरचे होते. तेल घट्ट असल्याने इंजिनात काजळी व चिकटा साचतो. यावर बेल्जियममधील शास्त्रज्ञ शावान यांनी इ.स. १९३७ मध्ये तेलाचे एस्टरमध्ये रूपांतर करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आज तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश यांपासून बायोडिझेल बनवतात; त्यात ग्लिसरीन वेगळे होते.

डिझेल यांना जसा दाब सोसणारा धातू शोधावा लागला, तसे घरगुती प्रमाणावर बायोडिझेल बनवणाऱ्याला या रसायनांपुढे टिकणारी साधने निवडावी लागतात. स्टेनलेस स्टीलची भांडी त्यासाठी योग्य ठरतात. साठवणीला एचडीपीई प्लॅस्टिकचे पिंपही चालते. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो व हायड्रोजन वायू निर्माण होतो, म्हणून मिश्रणासाठी ते भांडे टाळतात. तांबे, पितळ, कासे, शिसे, कथील आणि जस्त यांच्या सान्निध्यात बायोडिझेल लवकर खराब होऊन गाळ धरते. त्यामुळे पितळी तोट्या व जस्ताचा मुलामा दिलेल्या टाक्या वर्ज्य मानतात. साध्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात. त्यांच्या जागी व्हायटन किंवा टेफ्लॉन वापरतात. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने मिश्रण बंद भांड्यात, खेळत्या हवेच्या जागी आणि आगीपासून दूर करावे लागते. तयार इंधन पाणी, हवा व ऊन यांपासून जपावे लागते, कारण पाणी शिरल्यास त्यात सूक्ष्मजीव वाढतात.

स्मृती

पहिल्या चाचणीची तारीख असलेला १० ऑगस्ट हा दिवस भारतात जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. मात्र त्या दिवशी इंजिनात घातलेले इंधन शेंगदाणा तेल नव्हते, तर खनिज तेलापासून मिळवलेले होते. पहिल्या यशस्वी इंजिनांपैकी एक म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहे.