प्रोफेसर फर्डिनांड ब्राउन

विजेचा प्रवाह डोळ्यांस दिसत नाहीं. दिवा लागला, घंटा वाजली किंवा हातास झटका बसला म्हणजे तो आहे एवढें कळतें. परंतु तो कसा चढतो, कसा उतरतो आणि एका सेकंदांत किती वेळां आपली दिशा पालटतो, हें प्रत्यक्ष पाहावयाचें झाल्यास त्याकरितां निराळें यंत्र लागतें. त्यास ऑसिलोस्कोप असें म्हणतात. आम्ही विद्यार्थी असतांना आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत असें एक यंत्र होतें. तें कपाटांत असे, कपाटास कुलूप असे, आणि तपासणीसाहेब यावयाचे असले म्हणजेच तें कुलूप निघे. यांत शिक्षकांचा दोष नव्हता; यंत्र बिघडलें असतें तर दुसरें घेण्याचें सामर्थ्य शाळेस नव्हतें. आतां तेंच काम करणारी, तळहातावर मावेल एवढी पेटी मुलें स्वतः हाताळतांना आम्ही पाहतों, तेव्हां ज्या पुरुषानें तें यंत्र मूळ निर्माण केलें त्याची ओळख आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असें आमच्या मनांत आलें.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांचा जन्म ता. ६ जून १८५० रोजीं जर्मनींतील फुल्दा या गांवीं झाला. वडील न्यायखात्यांत नोकरीस होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. गांवच्या शाळेंतील शिक्षण आटोपल्यावर ब्राउन हे प्रथम मार्बुर्ग येथील व नंतर बर्लिन येथील विश्वविद्यालयांत गेले, आणि १८७२ सालीं ताणलेल्या तारांच्या कंपनांविषयीं प्रबंध लिहून त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढें वुर्ट्सबुर्ग येथें ते एका प्रोफेसरांचे साहाय्यक झाले. पण साहाय्यकाच्या वेतनांत भागेना. तेव्हां शिक्षकाची परीक्षा देऊन १८७४ सालीं ते लाइपझिग शहरांतील सेंट थॉमस शाळेंत मास्तर म्हणून राहिले. ज्या शाळेंत सुप्रसिद्ध संगीतकार बाख यांनीं एके काळीं मुलांस गाणें शिकविलें तीच ही शाळा.

विद्यापीठाचा माणूस शाळेवर गेला म्हणजे त्याचें संशोधन संपलें असें पुष्कळांस वाटतें. ब्राउन यांच्या बाबतींत उलटें झालें. शिशाच्या व इतर धातूंच्या गंधकयुक्त खनिजांचे स्फटिक घेऊन व त्यांस धातूच्या तारेचें टोंक टेकवून त्यांतून ते वीज पाठवीत असत. त्यांस असें आढळलें कीं, एका दिशेनें प्रवाह सहज जातो, तोच उलट दिशेनें फारच कष्टानें जातो. ओहम याचा नियम सर्वांस पाठ होता, आणि हा खडा त्या नियमास जुमानीत नव्हता! १८७४ सालीं ब्राउन यांनीं हा शोध प्रसिद्ध केला, परंतु त्याचा उपयोग काय हें त्या वेळीं कोणासच कळलें नाहीं. सुमारें तीस वर्षांनीं तशाच स्फटिकानें बिनतारी संदेश ऐकूं येऊं लागले आणि १९२० नंतरच्या काळांत देशोदेशींचीं मुलें एक खडा, एक तार आणि कानाचें यंत्र एवढ्या सामग्रीवर घरीं रेडिओ बांधूं लागलीं. लाइपझिग येथें असतांनाच ब्राउन यांनीं मुलांकरितां गणित व सृष्टिशास्त्र यांवर एक मनोरंजक पुस्तकहि लिहिलें, हें आम्हां शिक्षकांस विशेष गोड वाटतें.

पुढें १८७७ सालीं मार्बुर्ग, १८८० सालीं स्ट्रासबुर्ग, १८८३ सालीं कार्ल्सरूह आणि १८८५ सालीं ट्युबिंगेन अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या व १८९५ सालीं ते पुन्हां स्ट्रासबुर्ग येथें पदार्थविज्ञान संस्थेचे मुख्य होऊन आले. याच ठिकाणीं त्यांच्या हातून तें मोठें कार्य झालें.

त्या सुमारास युरोपांतील शहरांतून दिशा पालटणाऱ्या विजेचा प्रसार होऊं लागला होता. ही वीज एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें व पन्नास वेळां मागें जाते. साध्या मापकांतील कांटा धातूचा. त्यास वजन असतें. इतक्या वेगानें त्यास हालतां येत नाहीं, म्हणून तो बिचारा मध्येंच उभा राहतो. ज्यास जवळजवळ वजनच नाहीं असा कांटा कोठून आणावयाचा? ब्राउन यांनीं तो कॅथोड किरणांत शोधिला. काचेच्या नळींतील बहुतेक हवा काढून तींत मोठ्या दाबाची वीज सोडली असतां ऋण टोकापासून हे किरण निघतात, हें पूर्वींच माहीत होतें. ब्राउन यांनीं बॉन येथील एका कुशल काचकारागिराकडून लांब नळी करवून घेतली. तिच्यांत बारीक भोंक असलेला एक पडदा बसवून किरणांची सुईसारखी शलाका केली आणि समोर अभ्रकाच्या पत्र्यास चमकणारें द्रव्य लावून ठेविलें. शलाका पडे तेथें एक तेजस्वी ठिपका दिसे. मग नळीच्या मानेपाशीं तारेचें वेटोळें ठेवून त्यांतून पाहावयाचा प्रवाह सोडला, तों ठिपका त्या प्रवाहाच्या तालावर खालींवर नाचूं लागला! तो इतका जलद नाचे कीं डोळ्यांस नुसती उभी रेघ दिसे. ती रेघ फिरत्या आरशांत पाहिली म्हणजे तीच बाजूस पसरून सुंदर लाट होई. स्ट्रासबुर्गच्या वीजघरांतून येणारी वीज कशी आहे हें त्यांनीं अशा रीतीनें पाहिलें. पुढें १८९९ सालीं त्यांचे साहाय्यक झेनेक यांनीं ठिपका आडवाहि सरकविण्याची युक्ति काढली व आरशाची गरज उरली नाहीं.

फेब्रुवारी १८९७ मध्यें ब्राउन यांनीं या नळीची रचना एका शास्त्रीय मासिकांत आकृतीसह छापून टाकली. तिचें पेटंट मात्र त्यांनीं घेतलें नाहीं. ज्यास इच्छा होईल त्यानें ती बांधावी, सुधारावी, वापरावी. झालेंहि तसेंच. १९०७ सालीं रशियांतील रोझिंग यांनीं दूरचें चित्र उमटविण्याकरितां तीच नळी घेतली आणि पुढें जगभरच्या घरोघरीं चित्रें दाखविणारे दूरदर्शनाचे संच तिच्याच जोरावर निघाले. जपानी लोक अशा नळीस ब्राउन यांच्याच नांवानें ओळखीत आले आहेत.

परंतु चरित्र लिहितांना एकच बाजू सांगणें बरें नव्हे. बिनतारी संदेशाच्या कामीं ब्राउन यांनीं निराळा मार्ग धरिला. मार्कोनी यांच्या यंत्रांत ठिणगी थेट उंच तारेशीं जोडलेली असे, त्यामुळें संदेश फार दूर जात नसे. ब्राउन यांनीं १८९८ पासून या प्रश्नांत लक्ष घातलें, ठिणगीचें मंडल निराळें केलें व त्यांतील शक्ति वेटोळ्यांच्या द्वारें उंच तारेस पोंचविली. १९०० सालीं कुक्सहाफेन येथून हेलिगोलंड बेटापर्यंत ६२ किलोमीटर संदेश गेला. या युक्तीचीं पेटंटें घेतलीं गेलीं, तिच्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, आणि १९०९ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांस विभागून मिळालें.

त्याच पेटंटांनीं त्यांचा शेवट केला असें आम्हांस म्हणावेंसें वाटतें. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. न्यूयॉर्कजवळील सेव्हिल येथें जर्मनांचें बिनतारी केंद्र होतें. त्याविषयीं पेटंटाचा खटला तेथील कोर्टांत उभा राहिला. साक्ष देण्यास चौसष्ट वर्षांचे, प्रकृतीनें खालावलेले ब्राउन डिसेंबर महिन्यांत बोटीनें निघाले. खटला लांबला. १९१७ सालीं अमेरिकाहि युद्धांत उतरली आणि ब्राउन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. परत जाण्याची वाट बंद झाली. ब्रुकलिन येथें मुलाच्या घरीं दिवस काढीत असतां ता. २० एप्रिल १९१८ रोजीं ते वारले. युद्ध संपल्यावर स्ट्रासबुर्ग शहर फ्रान्सकडे गेलें. ज्या संस्थेंत त्यांनीं आयुष्य वेंचलें ती परक्यांच्या हातीं गेलेली पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं, एवढेंच.

नळी खुली होती, तरी तिच्याभोंवतीं बांधलेलीं यंत्रें दिवसेंदिवस नाजूक व महाग होत गेलीं आणि सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेर राहिलीं. आमच्या कुलुपाची कथा ती हीच. या अडचणीवर आपल्याच देशांत एक उपाय निघाला. दिल्ली येथील इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर या संस्थेनें २००४ सालीं फिनिक्स नांवाचा उपक्रम आरंभिला. त्यांतून एक्सपाइज ही लहानशी पेटी निर्माण झाली. ती संगणकास एका तारेनें जोडावयाची. मग विजेची लाट पडद्यावर दिसते, रोध व धारकता मोजतां येते, लहानसहान लाटा उत्पन्नहि करितां येतात. तिचा आराखडा प्रसिद्ध आहे, आणि तिला चालविणारी आज्ञावली कोणासहि विनामूल्य घेतां येते, वाचतां येते, बदलतांहि येते. फार जलद लाटा पाहण्यास ती समर्थ नाहीं हें खरें; त्याकरितां अजूनहि मोठींच यंत्रें लागतात. तिच्या मुख्य तोंडांस उणे १६ पासून अधिक १६ व्होल्टपर्यंतच वीज लावावी. घरच्या भिंतींतील वीज तिला कदापि जोडूं नये, नाहींतर पेटी जाईल आणि मुलाच्या जिवासहि धोका होईल. पालकांनीं एवढें लक्षांत ठेवावें.

ज्यांस ती पेटी पाहावयास मिळेल त्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. तारेचें वेटोळें पेटीस जोडून त्याच्या पोकळींतून लहानसें लोहचुंबक खालीं सोडावें. क्षणांत पडद्यावर एक टेकडी उठेल व तिच्यामागोमाग तितकाच एक खळगा पडेल. खळगा टेकडीहून किंचित् अधिक खोल कां, हें शिक्षकांस विचारावें. त्या पडद्यामागें आतां काचेची नळी नाहीं, चमकणारें अभ्रकहि नाहीं. पण काळ आडवा मांडावयाचा व वीज उभी, ही स्ट्रासबुर्गची रीत मात्र तीच आहे.