औषध सांध्यांचं, गुण आतड्याला

शौचावाटे रक्त पडतंय, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतंय, पोटात कळा येताहेत. हे दुखणं बाई सहसा कुणाजवळ बोलत नाही. मूळव्याध असेल, उष्णता असेल, असं म्हणत ताक आणि इसबगोलावर महिने काढते. बऱ्याचदा ते असतंही तेवढंच. पण कधी कधी तो अल्सरेटिव्ह कोलायटिस निघतो. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. या हट्टी आजारावर आजवर टिकून राहिलेलं औषध दिलं ते एका बाईनं! डॉ. नान्ना स्वार्त्स तिचं नाव.

नान्ना यांचा जन्म २५ जुलै १८९० रोजी स्वीडनमधल्या व्हेस्तेरोस या गावी झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत शिकून १९१८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. बालरोगतज्ज्ञ नील्स माल्मबर्ग यांच्याशी त्यांचं लग्न झालं, एक मुलगी झाली. संसार सांभाळून त्यांनी आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन केलं आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तेव्हा पुढारलेल्या स्वीडनमध्येही बायकांची वाट सोपी नव्हती. वरच्या सरकारी जागा त्यांना खुल्या करणारा कायदा लागू झाला तोच मुळी १९२५ मध्ये. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३७ मध्ये नान्ना कॅरोलिन्स्कात मेडिसिनच्या प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक!

त्यांच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये संधिवाताचे पुष्कळ असत. बोटं वाकडी झालेली, सकाळी उठून साधं बटण लावता येत नाही अशी माणसं. हा वात जंतूंमुळे होतो, असा त्या वेळी समज होता. नान्ना यांनी विचार केला, जंतू मारणारं सल्फा औषध आणि सूज उतरवणारं, अ‍ॅस्पिरिनच्या जातकुळीतलं औषध एकत्र जोडलं तर? फार्मासिया या स्वीडिश कंपनीच्या मदतीनं असं संयुग तयार झालं. नाव ठेवलं सॅलॅझोपायरिन. आज ते सल्फासॅलॅझिन या नावानं ओळखलं जातं. पिवळसर-नारिंगी रंगाची ही गोळी.

औषध केलं होतं सांध्यांसाठी, पण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या पेशंटनाही त्यानं चांगला उतार पडू लागला. १९४२ मध्ये नान्ना यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले.

गंमत पुढेच आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये संधिवातावर या औषधाची चाचणी झाली, ती निराशाजनक ठरली. सांध्यांचे डॉक्टर ते जवळजवळ विसरले. पोटाच्या डॉक्टरांनी मात्र सोडलं नाही. ते काम कसं करतं, हे कळायला १९७७ साल उजाडावं लागलं. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोठ्या आतड्यातले जिवाणू ही जोडी तोडतात आणि आतड्याला गुण येतो तो सल्फामुळे नव्हे, तर सोबतच्या दुसऱ्या भागामुळे. तो भाग वेगळा काढून मेसालामाइनच्या गोळ्या आल्या. सल्फा न सोसणाऱ्यांची त्यानं मोठी सोय झाली. त्याच सुमारास सल्फासॅलॅझिन संधिवाताकडेही परतलं आणि आज दोन्ही आजारांत दिलं जातं.

म्हणजे नान्ना यांचा जंतूंचा तर्क पुढे टिकला नाही, पण औषध टिकलं. त्यांनी पेशंटला पडलेला फरक बारकाईनं पाहिला, लिहून ठेवला, म्हणून ते आतड्याच्या रोग्यांपर्यंत पोचलं. १९५७ मध्ये त्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्या आणि २२ एप्रिल १९८६ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या.

मैत्रिणींनो, ही गोळी आपल्या मनानं सुरू करायची नाही आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंदही करायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्याही चुकवायच्या नाहीत. पण त्याच्याही आधीची पायरी आहे ती तोंड उघडण्याची. शौचावाटे रक्त जात असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा. औषध तयार होऊन ऐंशी वर्षं उलटली. आपण बोललोच नाही, तर ते आपल्यापर्यंत पोचणार कसं?